पहिल्या किमोआधीचा प्रश्न
बालकर्करोग आणि प्रजननक्षमतेचे जतन : काटोल ते परळ

कर्करोगावरची अनेक औषधे आणि किरणोपचार पेशींच्या गाभ्यातील गुणसूत्रांवर घाव घालतात. रोगाच्या पेशी त्याने मरतात, पण मुलाच्या वृषणातील शुक्राणूंच्या मूळपेशी आणि मुलीच्या अंडाशयातील बीजेही त्यातून सुटतातच असे नाही. रोग बरा झालेले मूल पुढे मोठे होते, संसाराला लागते आणि मूलबाळ होत नाही तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या उपचाराचा हा परिणाम समोर येतो. तो टाळण्यासाठी उपचारापूर्वी किंवा उपचारादरम्यान केलेल्या उपायांना प्रजननक्षमतेचे जतन म्हणतात. या जतनाचा इतिहास दोन वाटांनी आला. एक वाट कर्करोगाच्या वॉर्डातून निघाली, दुसरी पेशी गोठवण्याच्या प्रयोगशाळेतून. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ या दोन वाटा एकमेकींना भेटल्या नाहीत.

नागपूर जिल्ह्यातील काटोल तालुक्यातून पाहिले की हा इतिहास नीट उलगडतो. काटोल हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे, नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवरचे संत्रा उत्पादकांचे गाव. येथील आजारी लेकराचा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे : आधी गावातला डॉक्टर, मग नागपूर आणि तेथून गरज पडली तर मुंबईतले परळ. तालुक्याच्या गावापासून परळपर्यंतच्या या वाटेवर उपचाराची साधने वाढत गेली. पुढच्या आयुष्याचा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

ज्या काळी प्रश्नच नव्हता

१९४० च्या दशकापर्यंत रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते आणि या रुग्णालयाच्या उभारणीमागे त्यांची स्मृती होती. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. त्या काळी या दोन्ही ठिकाणी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांपलीकडे फारसे हाताशी नव्हते आणि रक्ताच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होत नाही.

औषधांचे युग दोन शोधांनी सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूंवर संशोधन करताना अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी १९४२ मध्ये नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर वापरून पाहिले. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरा शोध बोस्टनच्या सिडनी फार्बर यांचा. त्यांनी १९४८ मध्ये अमिनोप्टेरिन या औषधाने मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ मागे हटतो हे दाखवले. हे औषध पुरवणाऱ्या लेडर्ले प्रयोगशाळेतील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते.

प्रजननक्षमतेवरील घावाचा पुरावाही त्याच वर्षी मिळाला. १९४८ मध्ये सोफी स्पिट्झ या विकृतिशास्त्रज्ञ महिलेने नायट्रोजन मस्टर्ड दिलेल्या मृत रुग्णांच्या ऊती तपासल्या. बहुतेक पुरुषांच्या वृषणात शुक्राणू तयार होणे थांबले होते. म्हणजे औषधाचा गुण आणि त्याची किंमत वैद्यकाला जवळजवळ एकाच वेळी कळली. पण ज्या रुग्णाचे जगणेच अनिश्चित होते, त्याच्या संततीचा विचार कोणी केला नाही. मूल वाचू लागल्यावरच हा प्रश्न उभा राहणार होता.

मुले वाचू लागली

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या नावाचे नागपुरातील कर्करोग रुग्णालय पुढे विभागीय केंद्र झाले आणि काटोल, नरखेड, सावनेरपासून मध्य प्रदेशाच्या सीमेपर्यंतचे रुग्ण तेथे येऊ लागले. १९८० पासून नागपुरात कर्करुग्णांची लोकसंख्येवर आधारित नोंद ठेवली जाऊ लागली. नोंद ठेवणे ही इतिहासातील मोठी पायरी असते, कारण जे मोजले जात नाही त्यासाठी सोय उभी राहत नाही.

परळमध्ये १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटा रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. त्यानंतर रक्ताच्या कर्करोगासाठी ‘एमसीपी ८४१’ ही उपचारपद्धती आली. मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील केंद्रांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ती वापरली. भारतीय रुग्णालयांना झेपेल अशी औषधांची क्रमवारी तीत बसवली होती. त्याआधी रक्ताच्या कर्करोगातून पाचात एखादे मूल वाचत असे, ते प्रमाण आता निम्म्याच्या आसपास गेले. लसिकाग्रंथींचा हॉजकिन्स आजार, मूत्रपिंडाचे विल्म्स अर्बुद आणि डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा यांतूनही मुले बरी होऊ लागली.

काटोलसारख्या गावातील कुटुंबासाठी उपचार म्हणजे महिनोन्‌महिने घर सोडून राहणे. बाग कोणी पाहायची, दुसऱ्या लेकरांना कोणाकडे ठेवायचे, परळच्या पदपथावर किंवा धर्मशाळेत किती दिवस काढायचे, या काळज्यांनी अनेक कुटुंबे उपचार अर्धवट सोडून परतत. उपचार सोडून जाणे हे भारतातील बालकर्करोगाच्या मृत्यूंचे मोठे कारण राहिले आहे. अशा स्थितीत डॉक्टर आणि आईबाप दोघांचेही लक्ष आजच्या दिवसावर असणे स्वाभाविक होते.

बरे झालेल्या मुलांकडे पद्धतशीर पाहण्याची सुरुवात १९९१ मध्ये झाली. टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने उपचार संपलेल्या मुलांसाठी ‘अ‍ॅक्ट क्लिनिक’ सुरू झाले. बालपणीच्या कर्करोगातून वाचलेल्यांचा मोठा अमेरिकी अभ्यास १९९४ मध्ये सुरू झाला, त्याआधीची ही गोष्ट. या बाह्यरुग्ण विभागात वाढ, हृदय, अभ्यास आणि वयात येणे यांची वर्षानुवर्षे तपासणी होऊ लागली. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट स्थापन झाला. एकेकाळचे बालरुग्ण आता स्वतः बोलू लागले होते. लग्न आणि मूलबाळ हे त्यांच्या आयुष्यातील खरे प्रश्न होते. सोयरीक जुळवताना आजार लपवायचा की सांगायचा, या पेचात विशेषतः मुलींची घरे सापडतात.

नेमके काय बिघडते

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत ती ३ ते ४ लाखांवर येतात. नवी बीजे पुन्हा तयार होत नाहीत, म्हणजे हा साठा एकदाच मिळालेला असतो. २ ग्रेपेक्षाही कमी किरणमात्रा मानवी अंडाशयातील निम्मी बीजे नष्ट करते, असा अंदाज संशोधकांनी २००३ मध्ये मांडला. उपचारानंतर मुलीला पाळी येते, त्यामुळे सारे सुरळीत आहे असे घरच्यांना वाटते. पण साठा घटलेला असेल तर पाळी विशी-तिशीतच थांबू शकते.

मुलग्यांत फसगत आणखी सहज होते. वृषणात शुक्राणू घडवणाऱ्या पेशी नाजूक असतात, तर पुरुषी संप्रेरक तयार करणाऱ्या लेडिग पेशी बऱ्याच चिवट असतात. त्यामुळे मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येते, अंगकाठी भरते आणि तरी वीर्यात शुक्राणू नसतात. दोष बाहेरून दिसत नाही. लग्नानंतर मूल झाले नाही की आपल्या समाजात बोट सुनेकडे जाते. उपचाराच्या कागदांत नोंद असती आणि वेळेवर तपासणी झाली असती, तर तिच्यावरचा हा अन्याय टळला असता.

धोका सर्वांना सारखा नसतो. रक्ताच्या लसिकापेशीय कर्करोगाच्या नेहमीच्या पहिल्या उपचारात तो बहुतेकदा कमी असतो. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान यांच्या मोठ्या एकत्रित मात्रा, ओटीपोटावर किंवा वृषणांवर किरणोपचार आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीचे तीव्र उपचार यांत तो सर्वाधिक असतो. सायक्लोफॉस्फामाइडच्या हिशेबात मोजलेली एकूण मात्रा शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला ४००० मिलिग्रॅमच्या आत राहिली, तर मुलग्याची शुक्राणुनिर्मिती टिकण्याची शक्यता चांगली असते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणून प्रत्येक औषधाची एकूण मात्रा फाइलवर लिहिलेली असणे मोलाचे ठरते.

आधी उपचारच सौम्य झाले

जतनाचा पहिला मार्ग गोठवण्याचा नव्हता, उपचार बदलण्याचा होता. १९६० च्या दशकात हॉजकिन्स आजारावर ‘मॉप’ हा चार औषधांचा संच आला आणि असाध्य आजार बरा होऊ लागला. पण त्यातील नायट्रोजन मस्टर्ड आणि प्रोकार्बाझिन यांमुळे बहुसंख्य पुरुष वंध्य झाले. जर्मनीतील बालरोग कर्करोगतज्ज्ञांनी हे पाहून १९९० च्या अभ्यासात मुलग्यांसाठी प्रोकार्बाझिनऐवजी इटोपोसाइड दिले. पुढे डकार्बाझिनही प्रोकार्बाझिनच्या जागी आले. आजार बरा होण्याचे प्रमाण राखून वृषणे वाचवता येतात, हे यातून सिद्ध झाले.

किरणोपचारातही असेच घडले. मुलग्यांच्या वृषणांवर शिशाचे कवच ठेवले जाऊ लागले. मुलींची अंडाशये शस्त्रक्रियेने किरणांच्या वाटेतून बाजूला सरकवून बांधण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून वापरात आली. या उपायांना महागडे यंत्र लागत नाही. उपचाराची आखणी करणाऱ्याच्या मनात वेळेवर तो विचार यावा लागतो.

गोठवण्याची विद्या : गोठ्यातून रुग्णालयात

इटलीतील लाझारो स्पालान्झानी यांनी १७७६ मध्ये बर्फात ठेवलेले शुक्राणू पुन्हा हालचाल करतात हे टिपले होते. १९४९ मध्ये इंग्लंडमधील पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉलचा उपयोग सापडला. पेशीतील पाण्याचे टोकदार स्फटिक झाले की पेशी फुटते, ते ग्लिसरॉलने रोखले जाते. १९५१ मध्ये गोठवलेल्या रेतापासून पहिले वासरू जन्मले आणि १९५३ मध्ये अमेरिकेत बंज आणि शेर्मन यांनी गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा घडवली.

महाराष्ट्राच्या खेड्यांत ही विद्या प्रथम जनावरांसाठी आली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने संकरित गाईंच्या कार्यक्रमातून गोठवलेल्या रेतमात्रा गावोगावी पोचवल्या. नागपुरात शासनाची गोठित रेत प्रयोगशाळा आहे. उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नत्राचे जाड भांडे आणि त्यातून निघणारी पांढरी वाफ काटोल भागातील गोपालकाने पशुवैद्यकीय दवाखान्यात पाहिलेली असते. बरोबर तसल्याच भांड्यात माणसाचे बीज दशकानुदशके टिकते, ही गोष्ट त्याला समजावून सांगणे म्हणूनच अवघड नाही.

फ्रान्समध्ये जॉर्ज डेव्हिड यांनी १९७३ मध्ये शुक्राणुपेढ्यांचे सार्वजनिक जाळे सुरू केले आणि कर्करुग्णांचे शुक्राणूही तेथे ठेवले जाऊ लागले. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे एकच शुक्राणू बीजात टोचून फलन घडवण्याची ‘इक्सी’ पद्धत यशस्वी झाली. त्यानंतर आजारी किशोराचा अगदी कमकुवत नमुनाही ठेवण्याजोगा ठरला.

भारताचा वाटाही मोठा आहे. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली मुलगी गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून झाली होती. त्या काळी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये मुखर्जींचे कागद तपासून त्यांना न्याय दिला. याच आनंद कुमारांनी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह घडवलेली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात जन्मली होती.

टाटा रुग्णालय, केईएम आणि प्रजनन संशोधन संस्था ही तिन्ही ठिकाणे परळमध्ये एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एका इमारतीत मुले वाचवली जात होती, दुसऱ्या दोहोंत जन्माची विद्या विकसित होत होती. तरी बालरुग्णाच्या संततीचा विचार त्या दोन-तीन रस्त्यांपलीकडे पोचायला दशके लागली. जगात इतरत्रही असेच झाले.

वयाप्रमाणे मार्ग

वयात आलेल्या मुलग्यासाठी मार्ग सोपा आहे. पहिल्या किमोपूर्वी वीर्याचा नमुना घेऊन गोठवायचा. एक-दोन दिवसांत हे होते. औषध सुरू झाल्यानंतर घेतलेला नमुना सदोष असू शकतो, म्हणून वेळ महत्त्वाची.

पाळी सुरू झालेल्या मुलीची बीजे गोठवता येतात. गोठवलेल्या बीजापासून पहिली गर्भधारणा ऑस्ट्रेलियात १९८६ मध्ये झाली. अतिवेगाने काचेसारखे गोठवण्याची पद्धत आल्यावर यश वाढले आणि २०१२ च्या अखेरीस अमेरिकी प्रजननवैद्यक संस्थेने या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. मात्र यासाठी सुमारे दोन आठवडे संप्रेरकांची इंजेक्शने लागतात. रक्ताच्या कर्करोगात एवढे थांबणे बहुधा शक्य नसते.

पाळी न आलेल्या मुलीसाठी एकच मार्ग उरतो : अंडाशयाची ऊती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एक अंडाशय किंवा त्याचा भाग काढतात आणि बीजे असलेल्या बाहेरच्या थराच्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करून गोठवतात. ती मोठी झाल्यावर या पट्ट्या पुन्हा तिच्याच शरीरात जोडतात. संत्र्याची कलमे बांधणाऱ्याला हे तत्त्व ओळखीचे वाटेल. चांगल्या झाडाचा डोळा जंभेरीच्या खुंटावर भरला की पुढे झाड धरते आणि बहर येतो. येथे झाड आणि डोळा दोन्ही एकाच मुलीचे असतात, मधे फक्त वर्षे जातात.

रॉजर गॉस्डेन यांनी १९९४ मध्ये मेंढ्यांत हे करून दाखवले. माणसात अशा ऊतीपासून पहिले बाळ २००४ मध्ये ब्रुसेल्समध्ये डॉ. जॅक डोनेझ यांच्या रुग्णालयात जन्मले. आतापर्यंत जगभरात अशी दोनशेहून अधिक बाळे झाली आहेत. बालपणी काढलेल्या ऊतीचा निकाल लागायला आणखी दहा वर्षे गेली. तेराव्या वर्षी, पाळी येण्याआधी अंडाशय गोठवलेल्या आफ्रिकी वंशाच्या तरुणीला ब्रुसेल्समध्ये बाळ झाल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिला सिकलसेलचा आजार होता. डिसेंबर २०१६ मध्ये लंडनमध्ये बाळंत झालेल्या तरुणीचे अंडाशय थॅलेसेमियाच्या उपचारापूर्वी नवव्या वर्षी काढलेले होते. २०१९ मध्ये या पद्धतीवरचाही ‘प्रायोगिक’ शिक्का अमेरिकेत काढण्यात आला. एक मोठी अडचण राहते. रक्ताच्या कर्करोगात ऊतीमध्ये रोगाच्या पेशी दडलेल्या असू शकतात आणि त्या परत जोडल्यास आजार उलटण्याचे भय असते.

वयात न आलेल्या मुलग्यांबाबत विज्ञान अजून वाटेत आहे. १९९४ मध्ये राल्फ ब्रिन्स्टर यांनी उंदरांत शुक्राणूंच्या मूळपेशींचे रोपण केले. २०१९ मध्ये माकडाच्या पिलावयात गोठवलेल्या वृषणऊतीपासून निरोगी पिलू जन्मल्याचे जाहीर झाले. माणसांत ऊती परत बसवण्याचे पहिले प्रयत्न अलीकडेच सुरू झाले आहेत. म्हणून आज लहान मुलग्याची ऊती ठेवणे ही संशोधनाच्या चौकटीतली आशा आहे आणि आईवडिलांना ती तशीच सांगितली पाहिजे.

नियम, खर्च आणि संमती

२००६ मध्ये अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने उपचारापूर्वीच प्रजननक्षमतेविषयी बोलावे असे मार्गदर्शक तत्त्व काढले. त्याच सुमारास टेरेसा वुडरफ यांनी या क्षेत्राला ‘ऑन्कोफर्टिलिटी’ हे नाव दिले. भारतात सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात सेवा देण्यासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ ठरवले आहे, तसेच दात्याचे बीज आणि भ्रूण साठवण्याची मुदत १० वर्षे आहे. या चौकटी प्रौढांना डोळ्यांसमोर ठेवून आखल्या आहेत. आठ वर्षांच्या मुलीची ऊती मात्र वीस वर्षे सांभाळावी लागते. बालरुग्णांसाठी स्वतंत्र आणि स्पष्ट नियम व्हायला हवेत.

खर्चाचाही विचार व्हायला हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने कर्करोगाच्या उपचाराचा मोठा भार उचलला आहे. गोठवण्याचा आणि साठवण्याचा खर्च मात्र बहुधा कुटुंबावरच पडतो. संमती आईवडिलांची असते, पण समजत्या वयाच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकार घेणे हा त्याचा मान आहे.

नागपूर परिसरात आज

जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१७ पासून कार्यरत आहे. त्यामुळे काटोलच्या अनेक मुलांची परळची वाट आता नागपुरातच थांबते. शुक्राणू गोठवण्याची सोय असलेली वंध्यत्व-उपचार केंद्रेही शहरात आहेत. दोन्ही वाटा प्रथमच एका शहरात आल्या आहेत.

विदर्भासाठी या विद्येचे मोल कर्करोगापुरते नाही. नागपुरातील शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. आज विदर्भ या आजाराच्या मोठ्या पट्ट्यात मोडतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने सिकलसेल बरा होऊ शकतो, पण त्याआधीच्या औषधांनी प्रजननक्षमता जाऊ शकते. प्रत्यारोपण वाढेल तसा हा प्रश्न येथील शेकडो घरांत येईल.

गेल्या पाऊणशे वर्षांचा निष्कर्ष साधा आहे. या क्षेत्रात साधनांपेक्षा वेळ अधिक वेळा हुकली. पहिल्या किमोआधीचे दोन दिवस गेले की किशोराचा सर्वांत सोपा मार्ग बंद होतो. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरने नागपूरला पाठवण्याच्या चिठ्ठीत एक ओळ वाढवावी : ‘उपचारापूर्वी प्रजननक्षमतेविषयी सल्ला द्यावा.’ आणि आईवडिलांनी लाज किंवा भीती न बाळगता पहिल्याच भेटीत विचारावे, ‘डॉक्टर, माझे लेकरू बरे झाल्यावर त्याला मूलबाळ होईल ना, त्यासाठी आजच काही करता येईल का?’ हे विचारणारे आईबाप आपले लेकरू वाचणार या विश्वासाने विचारत असतात.